तीन फुटी टाकीतला ढाण्या

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एका वाचकाचं पत्र आलं आहे. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या दिवाळीत मुलीच्या हट्टापायी त्यांनी माशांची टाकी घेतली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. "हे सगळे सिक्लिडच आहेत, एकत्र राहतात," असं सांगून दुकानदारानं त्यांना दोन एंजल, तीन आफ्रिकन (दोन पिवळे, एक निळा), काळ्या पट्ट्यांचे दोन 'झेब्रा', एक बोटभर ऑस्कर आणि काच साफ करायला एक सकर दिला. आज दोन्ही एंजल मेले आहेत, निळाही गेला. पिवळे दोघं हीटरच्या मागं, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटून असतात. सात इंची झालेला ऑस्करसुद्धा एका बाजूला दबून राहतो. हे सगळं करणारा मासा म्हणजे पट्टेवाल्यांपैकी मोठा. चौथीतल्या मुलीनं त्याचं नाव ठेवलंय 'ढाण्या'. गेल्या दोन-तीन आठवड्यांत त्याचा जोर फारच वाढलाय. दुसऱ्या पट्टेवाल्याशी मात्र त्याचं पटतं. तो आकारानं लहान, पोटावर नारिंगी झाक असलेला. दोघं मिळून कुंडीच्या खापराखालची खडी उकरत असतात. एक मित्र म्हणतो, फ्लॉवरहॉर्न आणून टाक, सगळे सरळ होतील. वडील म्हणतात, "रंकाळ्यात सोडून ये की, जगंल तिथं." पत्नी म्हणते, पोरीनं रोज मेलेला मासा बघायचा का? आणि मुलगी ढाण्याला कुणाला द्यायला तयार नाही. वाचकाचे प्रश्न दोन: ढाण्याबरोबर कोणता मासा टिकेल? आणि त्याला एकट्याला ठेवलं तर तो एकलकोंडा होऊन मरणार तर नाही?

---

पत्रातली खापराखालची खडी उकरण्याची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या टाकीत काय चाललंय ते तिथंच कळतं. तुमचे 'झेब्रा' म्हणजे कॉन्व्हिक्ट सिक्लिड, मूळचे मध्य अमेरिकेतले. त्यांच्यात पोटावर नारिंगी झाक असते ती मादीच्या. म्हणजे तुमच्याकडे नर-मादीची जोडी आहे, आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी ती अंड्यावर आली असणार. आज दुपारी टॉर्च घेऊन खापराच्या तोंडाशी नीट बघा. पाच-सहा मिलिमीटरच्या पिल्लांचा पुंजका तळाशी हलताना दिसण्याची बरीच शक्यता आहे. या माशांची अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, पुढच्या आठवड्याभरात पिल्लं पोहायला लागतात, आणि आई-बाप दोघंही महिनाभर किंवा त्याहून जास्त त्यांची राखण करतात. इतर बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड तसं करत नाहीत. ढाण्या माजलेला नाही, तो बाप झालाय, आणि त्याच्या नजरेत ऑस्करपासून सकरपर्यंत टाकीतला प्रत्येक जण त्याची पिल्लं खायला टपलेला आहे. त्यात त्याचं फारसं चुकतही नाही. ऑस्करनं ती खाल्लीच असती, आणि सकर रात्री अंडी फस्त करतो.

तेव्हा घरात कुणी त्याला खुनशी म्हणत असेल तर ते आधी थांबवा. मुलीसमोर तर नक्कीच.

बाकीचा विचार सावकाश करता येईल, पण पिवळ्या दोघांची सोय आजच करायला हवी. हीटरमागं, वरच्या कोपऱ्यात, पर मिटून थांबलेला मासा हा हरलेला मासा असतो. तो खायला येत नाही आणि सतत धास्तीत राहिल्यानं लवकर आजारी पडतो. टाकीत मधे उभी जाळी बसवून ढाण्याच्या जोडीला एक तृतीयांश भाग द्या, खापर त्यांच्याच बाजूला ठेवा, बाकीचे पलीकडे. तुम्ही उद्यमनगरातले, तेव्हा हात लगेच जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) जाळीकडे जाईल. ती वापरू नका. तिच्यावरचं जस्त पाण्यात उतरतं आणि ते माशांना विषारी असतं, तांब्याचंही तसंच. साइनबोर्डवाल्यांकडून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मापात कापून आणा, त्याला भरपूर भोकं पाडा, भोकांच्या कडा घासून घ्या. पाणी खेळतं राहिलं पाहिजे, नाहीतर फिल्टर एका बाजूला आणि घाण दुसऱ्या बाजूला असं होईल.

आता तुमचा खरा प्रश्न. ढाण्याबरोबर कोण टिकेल?

हा प्रश्न विचारताना तुम्ही तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. त्या एकेक करून तपासू, कारण हेच पत्र मला वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या माशांच्या नावानं येत असतं.

पहिली गोष्ट दुकानदाराची: सगळे सिक्लिड, म्हणजे एकत्र राहतील. सिक्लिड हे एका फार मोठ्या कुळाचं नाव आहे. कोकणातल्या खाड्यांमधली काळुंदर सिक्लिड, बाजारात मिळणारी उजनीची चिलापीही सिक्लिड. तुमच्या टाकीत तीन वेगळ्या मुलखांतले मासे एकत्र आले. एंजल आणि ऑस्कर अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. पिवळे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. तिथलं पाणी अल्कधर्मी, पीएच पावणेआठ ते साडेआठच्या आसपास. कॉन्व्हिक्ट मध्य अमेरिकेतल्या ओढ्या-तळ्यांतला, जवळपास कुठल्याही पाण्यात तग धरणारा. खाणंही वेगळं. मलावीतले हे खडकांवर राहणारे मासे, ज्यांना तिथं म्बुना म्हणतात, बहुतेक करून दगडांवरच्या शेवाळावर आणि त्यात दडलेल्या किड्यांवर जगतात. त्यांना ऑस्करचं मांसल खाणं रोज मिळालं तर पोट फुगून मरू शकतात. एंजलचे लांब, संथ पर तर कॉन्व्हिक्टच्या तोंडासमोर मुद्दाम टांगल्यासारखे. एंजल मेले त्यात तुमच्या देखभालीची कसूर कमी आणि निवडीची जास्त, आणि निवड तुम्ही विक्रेत्याच्या भरवशावर केली होती.

दुसरी गोष्ट मित्राची: मोठा मासा आणला की हा सरळ होईल. कोल्हापुरात हा विचार सुचणं मी समजू शकतो. पण खासबागेत हरलेला मल्ल उठून आखाड्याबाहेर जातो आणि कुस्ती तिथं संपते. टाकीला बाहेर नाही. ओढ्यात दोन कॉन्व्हिक्ट भिडले तर हरलेला काही फूट लांब पळतो, जिंकणारा परत आपल्या कपारीत येतो, बहुतेक वेळा कुणी मरत नाही. तीन फुटांच्या काचेत पळणारा जिथं जाऊन थांबतो तीही जिंकणाऱ्याच्याच हद्दीतली जागा असते. त्यामुळे नुसतं हाकलण्यासाठी सुरू झालेली मारामारी मरेपर्यंत चालते. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात नसलेला मासा. 1990च्या दशकात मलेशियात वेगवेगळ्या सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला. तो फूटभर वाढतो आणि सहसा एकटाच ठेवावा लागतो. तुमच्या टाकीत तो आला तर आधी ढाण्याची मादी जाईल, मग ढाण्या, आणि मुलीला समजावण्यासाठी तुमच्यापाशी काही उरणार नाही. हा सल्ला ऐकू नका.

तिसरी गोष्ट तुमची स्वतःची, आणि ती प्रेमापोटी आलेली आहे: एकटा मासा एकलकोंडा होतो. थव्यानं राहणाऱ्या माशांच्या बाबतीत हे खरं आहे. डॅनिओ, बार्ब, टेट्रा एकटे ठेवले तर बुजतात, रंग उडतो. कॉन्व्हिक्ट, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांचं तसं नाही. मोठा झालेला नर हद्द धरून राहतो, आणि त्या हद्दीत दुसरा कुणी नसणं म्हणजे त्याला शांतता. टाकी रिकामी दिसते ती आपल्याला. सोबत आपल्याला हवी असते आणि ती आपण माशाच्या नावावर मागतो. ढाण्या काचेपाशी येऊन मुलीकडून दाणे घेतो असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या घराशी त्याचा संबंध तेवढाच आणि पुरेसा आहे.

इथं एक गुंता मात्र आहे. "मग जोडी ठेवतो, बाकी सगळे देऊन टाकतो," असं तुम्ही म्हणाल. मार्ग चांगला आहे, पण त्यात एक धोका आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे कॉनराड लॉरेंझ, ज्यांना 1973 मध्ये इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं, सिक्लिडांच्या जोड्या पाळून निरीक्षणं करत. त्यांना असं दिसलं की शेजारी दुसरे मासे असतील, अगदी काचेपलीकडे का होईना, तर नराचा राग तिकडे वळतो आणि जोडी नीट राहते. शेजारी नाहीसे झाले की तोच नर मादीवर उलटतो. हद्द राखणाऱ्या माशाच्या रागाला लक्ष्य लागतं. समोर दहा असतील तर तो दहांत वाटला जातो, एकच असेल तर त्या एकाचा जीव जातो. टाकीतले मासे एकेक करून का मेले, याचंही उत्तर यातच आहे. जसजसे मासे कमी होत गेले तसतसा उरलेल्यांवरचा मार वाढत गेला.

हे लक्षात घेतलं तर तुमच्यापुढे तीन रस्ते उरतात.

पहिला: जोडी ठेवा, बाकी सगळे द्या. टाकीच्या मापानं हे बसतं. तुमची टाकी भरून साधारण 160 लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर 130 लिटरच्या आसपास. मुलीला आई-बाप पिल्लं सांभाळताना दिसतील. रात्र झाली की मादी पिल्लं तोंडात घेऊन खापरात नेऊन ठेवते, नर बाहेर पहारा देतो. हे ज्यानं एकदा पाहिलं तो मासे या प्राण्याकडे पुन्हा पहिल्यासारखं बघत नाही. पण मादीवर लक्ष ठेवावं लागेल. तिचे पर फाटायला लागले, ती पृष्ठभागाजवळ राहायला लागली की लगेच जाळी. आणि पिल्लांचं काय करायचं ते आधी ठरवा. एका वेळी शेकड्यानं अंडी, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. कोल्हापुरातली दुकानं पहिली खेप कदाचित घेतील, दुसरी कुणी घेणार नाही. त्यामुळे पुढच्या वेळी अंडी दिसली की पहिल्याच दिवशी खापर उचलून ती काढून टाकणं हाच खरा उपाय. मुलीला हे कसं सांगायचं ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा, पण लपवू नका.

दुसरा: फक्त ढाण्याला ठेवा, मादीही द्या. पिल्लांची राखण संपली की नराचा जोर बराच उतरतो. मग त्याच्याबरोबर वरच्या थरात पोहणारे, चपळ, रुपेरी मासे ठेवता येतात. जायंट डॅनिओ सात-आठ घ्या. हा आपल्याच पश्चिम घाटातल्या ओढ्यांमध्येही सापडणारा मासा, चार इंचांपर्यंत वाढतो आणि त्याला पकडणं ढाण्याला जमत नाही. असे मासे सतत फिरत राहिले की सिक्लिडलाही धोका नाही असं वाटतं, तो मोकळा हिंडतो. दोन-तीन घेऊ नका. तेवढ्यांवर सगळा मार येतो. सोबती निवडताना हाच नियम बाकीच्यांनीही लक्षात ठेवावा: पाण्याच्या वेगळ्या थरात राहणारा, अंगानं वेगळ्या ठेवणीचा, रंगानं वेगळा, पळू शकणारा, आणि तोंडात मावणार नाही इतका मोठा. आपल्यासारखा दिसणारा मासा सिक्लिडला सगळ्यात जास्त खुपतो.

तिसरा रस्ता पिवळ्यांचा: ढाण्याची जोडी देऊन टाकायची आणि टाकी पूर्ण आफ्रिकन करायची. तो चांगला छंद आहे, पण निदान चार फुटी टाकीत. आणि तिथलं शास्त्र ऐकायला उलटं वाटतं. दोन-तीन मासे ठेवले तर एकमेकांना मारतात, पंधरा ठेवले तर राग वाटला जातो. एका नरामागं तीन-चार माद्या, तळापासून पाण्याच्या वरपर्यंत दगडांच्या कपारी, सगळे मासे एकाच दिवशी सोडायचे, आणि गर्दी म्हणून फिल्टर दुप्पट ताकदीचा. नंतर एखादा मासा वाढवायचा झालाच तर दगडांची मांडणी पूर्ण बदलायची, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळे एकदम नवे होतात. दगड सरळ तळाच्या काचेवर ठेवावेत, खडीवर नाही. हे मासे खालून उकरतात आणि ढीग काचेवर कोसळतो. कोल्हापुरात घरी बोअरचं जड पाणी असणाऱ्यांना हे मासे सोपे जातात. तुमच्याकडे थेट पाइपलाइनचं धरणाचं पाणी येत असेल तर ते बहुधा मऊ निघेल. पीएच आणि हार्डनेस तपासायचं किट घ्या, अंदाजानं ठरवू नका.

तुमच्यासाठी मी दुसरा रस्ता निवडेन. मुलीचा जीव ढाण्यावर आहे, जोडीवर नाही, आणि दर दोन महिन्यांनी पिल्लांचा प्रश्न उभा राहणं चौथीतल्या मुलीच्या घराला झेपणारं नाही. पण घाई करू नका. ही पिल्लं आई-बापांबरोबर महिनाभर वाढू द्या. मुलीनं एकदा ते पाहावं. मग पिल्लं आणि मादी द्या, ढाण्याला आठवडाभर एकटा राहू द्या, आणि नंतर खापराची जागा बदलून डॅनिओ सोडा. संध्याकाळी, दिवा बंद करून.

पिवळे दोघं एखाद्या चार फुटी मलावी टाकीवाल्याला द्या. शहरात असे लोक आहेत, दुकानदारालाच विचारा कोण त्याच्याकडून आफ्रिकन नेतं. सकरही द्या, तो वाढत फूटभराच्या वर जातो आणि या टाकीत त्याला कधीच जागा नव्हती. टाकी हलकी झाल्यावरही दर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी बदलत राहा, क्लोरीन काढायचं औषध घालून. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. अमोनियाचं रूपांतर करणारे जिवाणू त्यात असतात आणि क्लोरीननं ते मरतात. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्या.

वडिलांशी बोलताना त्यांचा मान राखून बोला. जीव मारायचा नाही, त्याला जगू द्यायचं, याच भावनेनं त्यांनी रंकाळ्याचं नाव घेतलं असणार. पण त्यांना चिलापीची गोष्ट सांगा. आफ्रिकेतला तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला, आणि आज आपल्या धरणांत, तळ्यांत, नद्यांत तो इतका पसरलाय की त्याला परका म्हणणं लोक विसरून गेले. टाक्यांमधून सोडलेल्या सकरनंही देशातल्या अनेक तळ्यांत-नद्यांत असंच घर केलंय. मासेमारांच्या जाळ्यात तो येतो, जाळी फाडतो आणि कुणी विकत घेत नाही. कॉन्व्हिक्ट तर अंडी-पिल्लं राखणारा, कुठल्याही पाण्यात जगणारा मासा. जोडी रंकाळ्यात गेली आणि जगली तर तिथल्या लहान देशी माशांनी कुठं जायचं? आणि जगली नाही तर तेही आपणच केलेलं. पंचगंगेचंही तेच. घाटावर सोडलेला मासा 'मोकळा' होत नाही.

राहिला ऑस्कर. तो अजून तरुण आहे, फूटभर वाढणार आहे, आणि तीन फुटी टाकीत त्याला नीट वळताही येणार नाही. त्याला पाच-सहा फुटी टाकी लागते. इतक्या मोठ्या टाकीसाठी पक्क्या लोखंडी स्टँडची आणि जमिनीच्या ताकदीची खात्री करावी लागते. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो, वर काच आणि दगड वेगळे. हे तुमच्याकडे आत्ता होणार नसेल तर त्याला मोठ्या टाकीवाल्याकडे पोचवा, आणि ज्याला द्याल त्याला तो काय खातो ते सांगा. चांगले पेलेट, अधूनमधून कोळंबी. जिवंत गोल्डफिश घालू नका असं बजावा. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशच्या शरीरातला एक घटक माशाचं बी-वन जीवनसत्त्व नष्ट करतो. नेताना मोठी बादली घ्या, अर्धीच भरा आणि वर झाकण घट्ट बसवा. ऑस्कर उडी मारतो.